सोनं खरं, नाणं खोटं

१९९० सालच्या जानेवारीत जपानमध्ये सोन्याची खोटी नाणी सापडली. पाच-पन्नास नव्हे, एक लाखाहून जास्त. युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या हातून ती देशात आली होती आणि बँकांपर्यंत पोहोचलीही होती. प्रत्येक नाण्याची दर्शनी किंमत एक लाख येन. म्हणजे एकूण प्रकरण हजार कोटी येनच्या वरचं. ती नेमकी कोणी पाडली हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही.

इथपर्यंत ही साधी गुन्हेगारीची बातमी आहे. पण तिच्यात एक तपशील असा आहे, की तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. या खोट्या नाण्यांमधलं सोनं खरं होतं. पितळेवर मुलामा चढवलेला नव्हता, आत शिसं भरलेलं नव्हतं. अस्सल नाण्यात वीस ग्रॅम सोनं असायचं, तर नकली नाण्यातही ते तसंच तेवढ्याच वजनाचं. मग खोटं नेमकं काय होतं?

आधी अस्सल नाण्याची गोष्ट. सम्राट हिरोहितो २५ डिसेंबर १९२६ रोजी गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून जपान सरकारने १९८६ मध्ये तीन स्मारक नाणी काढली: शुद्ध सोन्याचं एक लाख येनचं, चांदीचं दहा हजार येनचं आणि तांबं-निकेलचं पाचशे येनचं. सोन्याचं नाणं तीस मिलिमीटर व्यासाचं, वजन वीस ग्रॅम. एका बाजूला कबुतरं आणि पाणी, दुसऱ्या बाजूला शेवंतीच्या फुलाचं राजचिन्ह. अशी सुमारे एक कोटी नाणी पाडली. गुणाकार करून बघा, दोनशे टन सोनं होतं. मागणी इतकी, की नाणं कोणाला मिळणार यासाठी सोडत काढावी लागली.

आता खरा हिशेब. १९८६ मध्ये वीस ग्रॅम सोन्याची किंमत साधारण चाळीस हजार येन होती. नाण्यावर मात्र छापलं होतं एक लाख. लोकांनी एक लाख मोजून चाळीस हजारांचं सोनं घरी नेलं, आणि मधले साठ हजार सरकारकडे राहिले. एक कोटी नाण्यांवर हे साठ हजार कोटी येन होतात. नाणी पाडण्याचा खर्च त्यातून वजा केला तरी आकडा डोळे फिरवणाराच आहे.

नकली नाणी पाडणाऱ्यांनी नेमका हाच हिशेब केला. चाळीस हजारांचं सोनं घ्यायचं, त्यावर कबुतरं उठवायची आणि एक लाख घ्यायचे. म्हणजे त्यांनी केलं तेच, जे सरकारने केलं होतं. अगदी त्याच सोन्यात आणि त्याच किमतीला. सरकारचा तो महसूल ठरला. यांचा गुन्हा ठरला, आणि साधासुधा नाही: जपानच्या दंडसंहितेत खोटं चलन पाडण्याची शिक्षा किमान तीन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

आपली भाषा अशा वेळी काय म्हणते ते मी बघायला गेले, तर गंमत झाली. मराठीत खरेपणाचे किती शब्द सराफाच्या पेढीवरून आले आहेत! कसोटी म्हणजे मुळात सोनं घासून पाहायचा काळा दगड. तावून-सुलाखून घेणं म्हणजे धातू तापवून आणि भोक पाडून आत काय आहे ते बघणं. माणूस खणखणीत असतो, कारण चांगला रुपया दगडावर टाकला की तसा वाजायचा. झिजलेल्या किंवा हलक्या नाण्यावर सराफ जी रक्कम कापायचा तो बट्टा, आणि तोच पुढे लोकांच्या नावाला लागायला लागला. पोतदार आडनावाचा कोणी मित्र असेल, तर त्याच्या पूर्वजांचं काम बहुधा सरकारी खजिन्यात आलेली नाणी पारखण्याचं असणार. आता हे सगळे पोतदार एका रांगेत बसवा आणि त्यांच्यापुढे ते जपानी नकली नाणं ठेवा. ते तापवा, घासा, वाजवा, भोक पाडा. ते पास होईल. आपल्या भाषेतल्या खरेपणाच्या जवळपास सगळ्या परीक्षा पास करून ते नाणं खोटंच राहतं.

आमच्या गल्लीतल्या सराफकाकांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोनच प्रश्न विचारले.

“सोनं चोवीस कॅरट?”

“हो.”

“वजन पुरं?”

“हो.”

“मग ताई, खोटं काय राहिलं त्यात?”

त्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं. सरकारने घेतलेल्या साठ हजारांना ते घडणावळ म्हणाले. दागिना घेताना तुम्ही सोन्याच्या वर घडणावळ देता, मोडायला आणलात की ती बुडते. ज्याला घडणावळ स्वस्तात करता येते तो स्वस्तात करतो, त्यात पाप कसलं?

हे मला पटलंही होतं, दोन दिवस. मग रविवारी आत्या आली. आत्याने बँकेत तीस वर्षं कॅश सांभाळली आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, खोटी सहीसुद्धा खऱ्याच शाईने करतात.”

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची गाठ या एका वाक्यात सुटते. चेकवर माझी खोटी सही केली, तर “पण शाई अस्सल आहे, कागद बँकेचाच आहे” हा बचाव कोणी करत नाही. कारण चेकची किंमत शाईत नसते. मी पैसे देईन असं मी म्हटलंय, यात ती असते. खोटी सही करणारा पैसे चोरण्याआधी माझा शब्द चोरतो.

जपानी नाण्याचंही तसंच. त्यात चाळीस हजारांचं सोनं होतं आणि साठ हजारांचा शब्द होता. सरकार म्हणत होतं: हे नाणं घेऊन कधीही या, आम्ही त्याचे एक लाख मानू. सराफकाकांच्या घडणावळीशी इथे जमत नाही. घडणावळ परत मिळत नाही, हे आपल्याला दुकानात शिरतानाच माहीत असतं. इथे सरकारने ती परत द्यायचं कबूल केलं होतं आणि ते कबूल करणं आजही लागू आहे. ते नाणं आजही जपानमध्ये एक लाख येनचं कायदेशीर चलन आहे. म्हणजे सरकारने घेतलेले साठ हजार फुकटचे नव्हते. ते एक देणं होतं, परत कधी कोण मागायला येईल याची तारीख न घातलेलं. नकली नाणं पाडणाऱ्याने पैसे स्वतः घेतले आणि हे देणं मात्र जपानी जनतेच्या नावावर लिहून ठेवलं.

हे लिहून झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण सराफकाकांनी नंतर एक वाक्य म्हटलं, त्याचं उत्तर आत्याकडेही नव्हतं. “सरकारचा शब्द म्हणता ना? ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री कुठे होतात?”

त्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचं काय झालं हे तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. शाळेत असाल तरी घरातल्या मोठ्यांचे चेहरे आठवत असतील. त्या नोटांवर धारकाला तेवढी रक्कम देण्याचं वचन छापलेलं होतं, गव्हर्नरच्या सहीसकट. बदलून घ्यायला मुदत मिळाली, पण मुदतीनंतर ज्यांच्या डब्यात नोटा सापडल्या त्यांच्या हातात कागद उरला. काकांचं म्हणणं एवढंच, की शब्द फिरला तर नोटेचा कागद होतो आणि सोन्याच्या नाण्याचं निदान सोनं तरी उरतं. त्यांच्या दुकानात येणारी माणसं सोनं घेतात ती हौसेखातर कमी आणि या भीतीपोटी जास्त. आमची पिढी तर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. माझा पगार, माझं भाडं, माझा चहा, सगळं एका स्क्रीनवरच्या आकड्यातून आकड्यात जातं. धातू नाही, कागदही नाही. मी शंभर टक्के शब्दावर जगते, आणि त्याचा विचार महिनोन्‌महिने करत नाही.

या वादात आपल्याकडचा एक जुना साक्षीदार आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील तहाची बोलणी करायला आला होता. इंग्रजांच्या मागण्यांमध्ये एक कलम होतं: आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत. शिवाजी महाराजांचं यावरचं म्हणणं फार स्पष्ट होतं. धातूच्या किमतीपेक्षा जास्त भावाने ती घ्यायची सक्ती मी रयतेवर करणार नाही. वजनाला आणि कसाला उतरत असतील तर मनाईही करणार नाही.

पहिल्यांदा वाचताना वाटतं, महाराज सराफकाकांच्या बाजूचे. धातू बघा, छाप बघू नका. पण त्याच राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराजांनी स्वतःचे सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. आता त्या शिवराईतलं तांबं घ्या. ती गावोगाव चालली ती तांब्यासाठी जेवढी, तेवढीच त्या अक्षरांसाठी. म्हणजे छापाला किंमत असते हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. नकार होता तो दुसऱ्याच्या नाण्याला आपला शब्द उसना देण्याला. तुमचं नाणं तुमच्या धातूवर चालू दे, त्याच्यामागे माझं नाव उभं राहणार नाही आणि माझ्या रयतेला त्याची झळ लागणार नाही. हे तर आत्याचंच म्हणणं झालं. प्रश्न धातूचा नाही, कोणाच्या नावावर देणं चढतंय याचा आहे.

आता त्या जपानी नाण्यावरच्या कबुतरांकडे येते. कारण स्मारक नाणं दोन गोष्टी बोलतं, आणि आपण एकीबद्दलच बोलत बसलो. त्यावर लिहिलेला आकडा पुढच्या काळाबद्दल असतो: आम्ही एवढे देऊ. त्यावरचं चित्र मागच्या काळाबद्दल असतं: असं झालं होतं, हे लक्षात ठेवा.

साठ वर्षं, १९२६ ते १९८६. या साठ वर्षांत काय झालं? १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरिया घेतला. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध, आणि नानकिंग. १९४१ मध्ये पर्ल हार्बर. १९४५ मध्ये ओकिनावा, हिरोशिमा, नागासाकी. मग शरणागती, नवी राज्यघटना, आणि नंतरच्या चार दशकांत उद्ध्वस्त देशातून उभी राहिलेली जगातली एक सर्वांत श्रीमंत अर्थव्यवस्था. या सगळ्यावर मिळून एक नाणं, आणि त्यावर कबुतरं व पाणी.

मला हे चित्र सरळसरळ खोटं म्हणता येत नाही. युद्धातून होरपळून निघालेल्या लोकांनी कबुतर निवडलं तर त्यात ढोंगच असेल असं नाही. त्यांनी पुढची चार दशकं खरोखर युद्ध केलं नाही. पण कबुतर साठ वर्षांचं सांगितलं जातंय आणि ते त्यांतल्या पहिल्या वीस वर्षांना लागू नाही. नानकिंगमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या हातात १९८६ मध्ये ते नाणं ठेवलं असतं, तर तिने ते कोणत्या कसोटीवर घासलं असतं? आणि एक विचित्र गोष्ट बघा. नकली नाणं पाडणाऱ्यांनी कबुतरं अगदी इमानाने उठवली. पाण्याच्या रेषा तशाच, फुलाच्या पाकळ्या तशाच. आकड्याच्या बाबतीत ते नाणं खोटं, पण चित्राच्या बाबतीत ते अस्सल नाण्याइतकंच खरं, आणि तितकंच अपुरं.

एक लाख येन देण्याचा शब्द सरकार एकट्याच्या बळावर पाळू शकतं. खजिना त्याचा आहे. पण मागच्या साठ वर्षांचा अर्थ काय, याची हमी सरकार कोणत्या खजिन्यातून देणार? तिथे टांकसाळीचा शिक्का चालत नाही, तरी प्रत्येक देश तो मारत राहतो. आपणही मारतो. १९७३ मध्ये आपल्या सरकारने ‘अधिक अन्न पिकवा’ असा संदेश घेऊन चांदीची दहा आणि वीस रुपयांची नाणी काढली, तेव्हा महाराष्ट्र ७२च्या दुष्काळात होता. संदेशात चूक काही नव्हती. तोच संदेश पन्नास पैशांच्या साध्या नाण्यावरही होता, म्हणजे तो बाजारात भाजीवाल्याच्या हातात तरी फिरला. चांदीचं नाणं मात्र संग्राहकाच्या मखमली डबीत गेलं. खडी फोडायला गेलेल्या माणसाला ते दिसण्याचा संबंधच नव्हता.

त्या प्रकरणानंतर जपानने काय केलं हे बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी, १९९० मध्ये, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाचं एक लाख येनचं सोन्याचं नाणं आलं, त्यात वीसऐवजी तीस ग्रॅम सोनं होतं. शब्दाचा हिस्सा कमी केला, धातूचा वाढवला. पुढे तर उलटंच झालं. नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या सोन्याच्या नाण्यावर दहा हजार येन लिहिलं होतं, आतलं सोनं त्याहून महाग होतं आणि विक्रीची किंमत त्याहूनही वर. अशा नाण्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तो आकडा वटवायला कोणी वेडाही जाणार नाही.

आपल्याकडे आता हाच प्रकार चालतो. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनाला ७५ रुपयांचं नाणं निघालं. पस्तीस ग्रॅम वजन, त्यात निम्मी चांदी. नुसत्या चांदीची किंमतच ७५ रुपयांच्या कितीतरी पट होते, आणि विकत घेताना त्याहूनही जास्त मोजावे लागतात. कायद्याने ते चलन आहे. उद्या तुम्ही ते वडापावच्या गाडीवर दिलंत तर पंच्याहत्तर रुपयांचे वडापाव मागायचा तुम्हाला हक्क आहे. (कृपया देऊ नका.) पण सरकारला हे पक्कं ठाऊक आहे, की कोणी देणार नाही. हा असा शब्द आहे जो पाळायची वेळच येणार नाही याची आधीच सोय केलेली आहे. मी हे नाणं वाईट म्हणत नाही. ते एक छान पदक आहे, ज्यावर रुपयाचं चिन्ह काढलंय. पण १९८६ च्या जपानी नाण्याबद्दल मला जास्त आदर वाटतो, त्यातल्या साठ हजारांच्या फुगवट्यासकट. कारण त्या सरकारने एक कोटी लोकांना सांगितलं होतं की तुम्ही आमच्या दारात येऊ शकता, आणि लोक येऊ शकत होते. म्हणूनच तर कोणाला त्याची नक्कल करावीशी वाटली. ७५ रुपयांच्या त्या नाण्याची कोणी हुबेहूब चांदीत नक्कल केली, तर ७५ रुपये मिळवण्यासाठी तो नक्कीच करणार नाही.

आणि मग सोन्याने सगळ्यांवर मात केली. २०२३ मध्ये जपानमध्ये सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार येनच्या वर गेला. म्हणजे १९८६ च्या त्या नाण्यात, एक लाखाच्या त्या नाण्यात, दोन लाखांहून जास्तीचं सोनं आहे. साठ हजारांचा शब्द धातूच्या खाली बुडाला. त्या भावाने कोणी ते नकली नाणं पाडायला बसला असता तर दर नाण्यामागे एक लाखाहून जास्त तोटा झाला असता. आणि ज्याच्याकडे अस्सल नाणं आहे त्याला जपानचा १९४७ चा कायदा ते वितळवू देत नाही. चलनी नाणं वितळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन लाख येनपर्यंत दंड. तो ते विकू शकतो, पण आटवू शकत नाही. खोटं नाणं तर चलनच नाही. त्याला हा कायदा कसा लागेल?

मी हे सराफकाकांना सांगायला गेले तेव्हा दुकानात लग्नाची खरेदी चालू होती, त्यामुळे मला बाकावर बसवून ठेवलं. मी मनात एक माणूस कल्पून बघत होते. ओसाकात कुठेतरी राहणारा, वडिलांच्या कपाटात त्याला अशी दोन नाणी सापडली आहेत. एक १९८६ ला सोडतीत मिळालेलं आणि दुसरं वडिलांनी नंतर कोणाकडून तरी घेतलेलं, जे कधी पकडलं गेलं नाही. त्याला काहीच माहीत नाही. तो बँकेत गेला तर एका नाण्याचे लाख मिळतील आणि दुसऱ्यासाठी पोलीस येतील. सोन्याच्या वजनावर घेणाऱ्या दुकानात गेला तर दोन्ही एकाच तराजूत पडतील, एकाच भावाने.

गिऱ्हाईक गेल्यावर काकांनी माझं सगळं ऐकलं. मग कॅल्क्युलेटर पुढे ओढून त्यांनी आजच्या भावाने वीस ग्रॅमची किंमत काढली, रुपयांत, आणि तो माझ्याकडे फिरवला. “हे बघ,” ते म्हणाले, “यात खोटं कुठलं ते दाखव.”

मी सांगितलं, की आत्याला विचारून येते.